कडाडून विरोध, आणि मतदानाच्या दिवशी साहेब परदेशी

हाउन्स्लोकर (धागाकर्ता)

परवा दुसऱ्या एका धाग्यावर "आमच्या खासदारांनी त्या विधेयकाला विरोध केला होता" या एका वाक्यावरून पन्नासेक प्रतिसादांची हाणामारी झाली. विरोध केला म्हणजे काय केलं, हे मात्र कुणीच विचारलं नाही. भाषण ठोकलं? मोर्चात चालले? की घंटा वाजली तेव्हा सभागृहात बसून विरोधात मत दिलं? त्यावरून आमच्या भागातलं एक प्रकरण आठवलं. तो धागा भरकटायला नको म्हणून हा वेगळा काढतोय.

आम्ही लंडनच्या पश्चिम टोकाला, हीथ्रोला उतरणाऱ्या विमानांच्या ऐन वाटेखाली राहतो. इथली माणसं घड्याळ न बघता दुपारचे तीन वाजल्याचं सांगतात. वारा पश्चिमेचा असला की तीनपर्यंत विमानं एका धावपट्टीवर उतरतात आणि तीननंतर दुसऱ्या. दोन्हीकडच्या वस्त्यांना अर्धा दिवस तरी कान मोकळे मिळावेत म्हणून ही पाळी लावलेली आहे. धावपट्ट्या दोनच. तिसरी हवी की नको यावर इथे लोकांची हयात गेलीये. ती झाली तर हार्मंड्सवर्थ, सिप्सन, लाँगफर्ड या गावांकडची साडेसातशेच्या वर घरं पडतील.

२०१५ साली हुजूर पक्षाचे बोरिस जॉन्सन शेजारच्या अक्सब्रिज आणि साउथ राइस्लिप मतदारसंघातून निवडून आले. लंडनचे महापौर असल्यापासून ते तिसऱ्या धावपट्टीच्या विरोधात. निवडून आल्या आल्या त्यांनी व्यासपीठावरून सांगितलं, की शेजारचे मजूर पक्षाचे खासदार जॉन मॅक्डॉनल यांच्यासोबत मी बुलडोझरपुढे आडवा पडेन, पण हे बांधकाम होऊ देणार नाही. टाळ्या, शिट्ट्या, सगळं झालं.

२५ जून २०१८ ला त्या धावपट्टीवर संसदेत मतदान झालं. सरकारचा तीन रेघांचा व्हिप होता, म्हणजे मोडलात तर मंत्रिपद सोडा. जॉन्सन तेव्हा परराष्ट्रमंत्री. विरोधात मत द्यावं तर खुर्ची जाते, बाजूने द्यावं तर मतदारसंघात तोंड दाखवायची सोय राहत नाही. साहेब त्या दिवशी काबूलमध्ये होते. कुठे निघालेत ते सुरक्षेच्या कारणाने आधी जाहीरही केलं नव्हतं. ठराव ४१५ विरुद्ध ११९ ने मंजूर झाला. त्या एका दिवसाच्या दौऱ्याचा खर्च नंतर बाहेर आला, साधारण २० हजार पौंड.

त्याच पक्षाचे, त्याच सरकारातले व्यापारमंत्री ग्रेग हँड्स. मतदारसंघ चेल्सी आणि फुलहॅम, तिथेही विमानांचा जाच. त्यांनीही मतदारांना शब्द दिला होता. मतदानाच्या चार दिवस आधी राजीनामा दिला आणि सोमवारी विरोधात मत टाकून आले.

मला बोरिसवर आणखी एक विनोदी धागा नकोय, ते रोज निघतात. प्रश्न असा आहे की विरोध असलेल्या विधेयकाच्या मतदानाला गैरहजर राहणाऱ्याच्या नावापुढे आपण काय लिहायचं? आपल्याकडची उदाहरणं टाका. फक्त आकड्यांसकट टाका, नुसती 'सगळे चोर' ही पाटी नको.

अमृततुल्य

लोक ऑफिसला दांडी मारायला आजीला तिसऱ्यांदा मारतात. हा गडी थेट अफगाणिस्तानात गेला. मानलं!

डॉ_खडूस

धागा चांगला, पण नैतिक उसासे जरा जास्त झालेत. फरक २९६ मतांचा. जॉन्सन आले असते आणि विरोधात मत दिलं असतं तर ४१५ विरुद्ध १२०. मग? एका मतासाठी परराष्ट्रमंत्रिपद फेकायचं, ते कशाकरता? मंत्रिमंडळात राहून पुढेमागे त्या धावपट्टीत खोडा घालता येईल असा हिशेब कुणी केला तर तो मूर्खपणा नाही. राजकारणात हुतात्मे होऊन कामं होत नसतात.

हाउन्स्लोकर

डॉक्टर, तुमचा युक्तिवाद खुद्द जॉन्सन यांचाच आहे. मतदारसंघातल्या लोकांना पाठवलेल्या पत्रात त्यांनी जवळजवळ हेच लिहिलं होतं, की संसदेतलं बलाबल बघता माझ्या राजीनाम्याने काहीही साधलं नसतं.

आता यातली गंमत बघा. मत निरुपयोगी होतं म्हणून दिलं नाही, ठीक. पण खुर्चीला एवढी जपलेली, ती दोनच आठवड्यांत ९ जुलैला ब्रेक्झिटच्या मुद्द्यावर त्यांनी स्वतःच सोडली. म्हणजे राजीनामा देण्याची तयारी माणसाकडे होती. धावपट्टीसाठी नव्हती. खोडा घालण्याचं म्हणाल, तर वर्षभरात ते पंतप्रधानच झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये अपील न्यायालयाने हे धोरण पॅरिस हवामान कराराचा विचार केला नाही म्हणून बेकायदा ठरवलं, तेव्हा सरकार अपिलात गेलं नाही. तेवढा खोडा मी मान्य करतो. पण विमानतळाची कंपनी गेली, आणि डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. आता मजूर पक्षाच्या अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी जानेवारी २०२५ मध्ये तिसऱ्या धावपट्टीला जाहीर पाठिंबा दिलाय. गावं अजून तिथेच आहेत आणि टांगती तलवारही.

निशा_स्लाव

मीही त्याच पट्ट्यातली, थोडी पुढे. हाउन्स्लोकरांचं एक सांगायचं राहिलंय. या भागात राहणारा प्रत्येक जण धावपट्टीच्या विरोधात नाही. आमच्या गल्लीत निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी विमानतळावर कामाला आहे. सामान चढवणारे, सुरक्षा तपासणीवाले, विमानातलं जेवण भरणारे, टॅक्सीवाले. पहाटे चारला पाळीवर निघणाऱ्यांना विमानांचा आवाज म्हणजे पगाराचा आवाज. सुट्टीच्या दिवशी हॅटन क्रॉसजवळ मर्टल अ‍ॅव्हेन्यूच्या गवतावर बसून डोक्यावरून जाणाऱ्या विमानांची पोटं बघायला पोरं घेऊन येणारेही आमच्यातलेच. मला स्वतःला तिसरी धावपट्टी हवी आहे. घरात दोन माणसांच्या नोकऱ्या त्यावर आहेत, लपवायचं काय?

आणि तरीही हँड्सबद्दल मला आदर वाटतो, जॉन्सनबद्दल नाही. माझ्या विरुद्ध मत देणारा माणूस कुठे उभा आहे ते मला कळलं. दुसऱ्याने दोन्ही बाजूंना 'मी तुमचाच' म्हणायची सोय करून ठेवली.

ढवळ्या_पवळ्या

+१ निशाताई. विमानातलं जेवण भरणारे लोक ते जेवण स्वतः खातात का, यावर वेगळा धागा काढा.

लॉबीतला

काही वर्षं पत्रकार कक्षातून विधानभवन आणि थोडंफार दिल्ली बघितलंय, म्हणून थोडा कीस काढतो.

तिकडे आणि इकडे मोठा फरक आहे. ब्रिटिश खासदार मत द्यायला अक्षरशः चालत जातो. बाजूचे एका लॉबीत, विरोधातले दुसऱ्या. घंटा वाजल्यापासून आठ मिनिटांत दार बंद. 'तटस्थ' असं बटण तिथे नाही, त्यामुळे काबूलला गेलेला, दवाखान्यात असलेला आणि चहा पीत मुद्दाम बसून राहिलेला हे तिघेही नोंदीत सारखेच: नाव नाही. काही जण तटस्थता दाखवायला दोन्ही लॉब्यांतून चालून येतात.

आपल्या लोकसभेत मतविभागणीची घंटा साडेतीन मिनिटं वाजते, लॉबी रिकामी करतात, दारं लागतात. हिरवं म्हणजे होय, लाल म्हणजे नाही, पिवळं म्हणजे तटस्थ. म्हणजे आपल्याकडे हजर राहून 'मी कुणाकडेच नाही' हे नोंदवायची सोय आहे. ती फार थोडे वापरतात. कारण सोपं आहे. पिवळं बटण छापील नोंदीत राहतं, बाहेर गेलेला माणूस राहत नाही.

पण खरी मेख याच्याही आधी आहे. आपल्याकडची बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. 'होय म्हणणाऱ्यांनी होय म्हणावं', झालं. कोण हजर, कोण गैरहजर, कोण गप्प बसला, कसलाच माग राहत नाही. एखाद्या सदस्याने मतविभागणी मागितली तरच नावं कागदावर येतात. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत कृषी विधेयकांवर विरोधक मतविभागणी मागत होते, उपसभापतींनी आवाजीवर मंजुरी दिली, गोंधळ झाला, दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित झाले. त्यात आपले राजीव सातवही होते. त्यामुळे त्या ऐतिहासिक म्हणवल्या गेलेल्या विधेयकांवर राज्यसभेत कोणाचं मत काय पडलं याची यादीच नाही. शेतकऱ्याने उद्या विचारलं, 'साहेब, तुमचं मत कुठे पडलं?', तर दोन्हीकडचे छातीठोकपणे काहीही सांगू शकतात.

डॉ_खडूस

लॉबीतला, राज्यघटनेचं दहावं परिशिष्ट विसरलात. आपल्याकडे पक्षांतरबंदी आहे, व्हिपविरुद्ध जाणं म्हणजे सदस्यत्वावर पाणी. ब्रिटनमध्ये मंत्रिपद जातं, फार तर पक्षातून काढतात, खासदारकी राहते. त्यामुळे आपल्या खासदाराला 'सदसद्विवेकबुद्धी वापर' म्हणून सांगणं सोपं आहे, त्याला ते परवडणं अवघड.

लॉबीतला

विसरलो नाही, त्यावर येतच होतो. परिशिष्टात व्हिपविरुद्ध मत देणं आणि मतच न देणं, दोन्ही धरलंय. म्हणजे कायद्याच्या नजरेत दांडी हाही गुन्हाच. फक्त पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं तर प्रश्न मिटतो. आता विचार करा. विरोधी पक्षाने 'विरोधात मत द्या' असा व्हिप काढला आणि त्याचाच नेता आला नाही. तक्रार कोण करणार? व्हिप काढणारा प्रतोद आपल्याच नेत्याविरुद्ध सभापतींकडे अर्ज घेऊन जाईल का?

म्हणून इकडे एकट्यादुकट्याची दांडी कमी आणि अख्ख्या पक्षाचा सभात्याग जास्त. भाषणात सरकारला फाडून खायचं, मतदानाआधी 'निषेध असो' म्हणत बाहेर पडायचं. टीव्हीवर विरोध दिसतो, आकड्यात सरकारला मदत होते. साध्या विधेयकाला हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत पुरतं, त्यामुळे बाहेर गेलेला प्रत्येक विरोधक पलीकडच्याचं ओझं कमी करतो.

गणिती_गोंधळ

वा, आला माझा विषय.

आकड्यांसकट उदाहरण: किरकोळ व्यापारातली परकीय गुंतवणूक, ५ डिसेंबर २०१२, लोकसभा. विधेयक नव्हे, सरकारच्या निर्णयाविरुद्धचा ठराव. बाजूने २१८, विरोधात २५३, ठराव पडला. समाजवादी पक्ष आणि बसपा या दोघांनी चर्चेत परकीय गुंतवणुकीवर तोफ डागली आणि मतदानाआधी दोघेही बाहेर पडले. दोघांचे मिळून चाळीसच्या वर खासदार होते. २१८ मध्ये नुसते चाळीस मिळवा. २५८ होतात. सरकार हरलं असतं! ज्यांनी भाषणं ठोकली त्यांच्याच पायांनी निर्णय वाचवला. बसपाने तर दोन दिवसांनी राज्यसभेत बाहेर पडण्याचेही कष्ट घेतले नाहीत, सरळ सरकारबरोबर मत दिलं.

आता उलटं उदाहरण, माझं सगळ्यात लाडकं. ५ सप्टेंबर १९७०, राज्यसभा. संस्थानिकांचे तनखे रद्द करणारी घटनादुरुस्ती. इथे दोन तृतीयांश लागतात, तेही हजर राहून मत देणाऱ्यांचे. बाजूने १४९, विरोधात ७५. एकूण २२४, त्याचे दोन तृतीयांश १४९.३३. तृतीयांश मताने विधेयक पडलं!

सगळे 'एका मताने पडलं' म्हणून सोडून देतात. पण गणित विरोधकांच्या बाजूने करून बघा. ७५ पैकी एक, फक्त एक माणूस त्या दिवशी आला नसता, तर एकूण २२३, दोन तृतीयांश १४८.६७, आणि १४९ पुरेसे होते. म्हणजे विरोधातल्या एकाही सदस्याला त्या दिवशी लग्नाला जाऊन चाललं नसतं. डॉ. खडूस, 'एका मताने काय होतं' हे त्या ७५ जणांतल्या कुणालाही म्हणता आलं असतं. पंच्याहत्तरही जणांना. आणि आदल्या दिवशी ते खरंही वाटलं असतं.

डॉ_खडूस

गणित कबूल. पण १९७० मध्ये चुरस होती, सगळ्यांना माहीत होतं की काठावर आहे. हीथ्रोला चुरस नव्हती. आणि तनखे गेलेच की शेवटी. राष्ट्रपतींच्या आदेशाने मान्यता काढली, सर्वोच्च न्यायालयाने माधवराव शिंदे खटल्यात तो आदेश रद्द केला, मग १९७१ मध्ये सव्विसावी दुरुस्ती आणून काम पुरं केलं. ते १४९.३३ एका वर्षाला पुरले.

गणिती_गोंधळ

एक वर्ष, मध्ये एक सार्वत्रिक निवडणूक आणि त्यात मिळालेला नवा जनादेश. लोकांना विचारून केलं. तेवढा अवधी त्या ७५ जणांच्या हजेरीने मिळवून दिला, त्यांची बाजू मला पटत नसली तरी.

वऱ्हाडी_ठेचा

तुमी लोकं लंडन-दिल्ली फिरून राह्यले, घरचं इसरले का? ४ जुलै २०२२. शिंदे सरकारचा विश्वासदर्शक ठराव. आदल्या दिवशी अध्यक्षांच्या निवडणुकीत आघाडीच्या राजन साळवींले १०७ मतं पडली होती. दुसऱ्या दिवशी आघाडीची मतं ९९! एका रात्रीत आठ गेले कुठी? अशोक चव्हाण, वडेट्टीवार सभागृहाच्या दाराशी पोचले तवा दार बंद झालं होतं. उशीर झाला म्हणे. मुख्यमंत्री राह्यलेला माणूस, त्याले घंटा किती वेळ वाजते मालूम नाही?

हाउन्स्लोकर

वऱ्हाडीभाऊ, उदाहरण झकास, पण तो विश्वासदर्शक ठराव. इथे विधेयकाला विरोध असून गैरहजर राहणारे बघतोय. शिवाय १६४ विरुद्ध ९९, ते आठ आत असते तरी सरकार पडत नव्हतं.

वऱ्हाडी_ठेचा

अन तुमचं हीथ्रो तरी विधेयक होतं का जी? ते बी धोरणाचा ठरावच. तुमाले चालते, आमाले नाही?

अमृततुल्य

हाउन्स्लोकर चारी मुंड्या चीत 😄

हाउन्स्लोकर

बरं, घेतलं यादीत. 😄 तरी एक विचारतो. अशोक चव्हाण फेब्रुवारी २०२४ मध्ये भाजपमध्ये गेले, त्यामुळे आता मागे वळून सगळ्यांना त्या उशिराचा अर्थ लागतोय. वडेट्टीवार मात्र काँग्रेसमध्येच आहेत, पुढे विरोधी पक्षनेतेही झाले. एकाच बंद दाराबाहेर दोघे उभे होते. मग दारावरून मनातलं कसं ओळखायचं?

निशा_स्लाव

याच्यासाठीच मला दांडी आणि अडचण यांत फरक करायला हवा असं वाटतं, नाहीतर आपण आजारी माणसालाही झोडपू.

ब्रिटनमध्ये 'पेअरिंग' म्हणून जुना प्रकार आहे. एका बाजूचा खासदार येऊ शकत नसेल तर दुसऱ्या बाजूचा एक जण मत देत नाही, म्हणजे फरक तोच राहतो. सगळा मामला शब्दावर, कायद्यात कुठेच नाही. हीथ्रोनंतर तीनच आठवड्यांनी, जुलै २०१८ मध्ये ब्रेक्झिटच्या मतदानांना लिबरल डेमोक्रॅट खासदार जो स्विन्सन बाळंतपणाच्या रजेवर होत्या. त्यांच्याशी जोडी लावलेले हुजूर पक्षाचे अध्यक्ष ब्रँडन लुइस. त्यांनी दिवसभर शब्द पाळला, आणि संध्याकाळी जी दोन मतदानं चुरशीची होती त्यांत जाऊन मत टाकून आले. माफी मागितली, अनवधानाने झालं म्हणाले. मग शब्दावर कुणाचा विश्वास राहणार?

त्यामुळे जानेवारी २०१९ मध्ये मजूर पक्षाच्या खासदार ट्युलिप सिद्दिक यांनी सिझेरियन दोन दिवस पुढे ढकललं आणि चाकाच्या खुर्चीतून येऊन थेरेसा मे यांच्या ब्रेक्झिट कराराविरुद्ध मत दिलं. करार ४३२ विरुद्ध २०२ ने पडला. म्हणजे डॉ. खडूस यांच्या हिशेबाने ते मतही फुकटच! त्या आल्या नसत्या तरी २२९ चा फरक होता. पण त्यांच्या येण्याने इतकी लाज निघाली की महिनाअखेरीला बाळंतपणासाठी प्रतिनिधीमार्फत मत देण्याची सोय सुरू झाली. आईपणाची रजा म्हणजे मतदानाला दांडी, हे गणित तेव्हा कुठे सुटलं. आपल्या संसदेत ही सोय आजही नाही.

डॉ_खडूस

सिद्दिक यांचं उदाहरण चोख आहे. यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. विचार करतो.

ढवळ्या_पवळ्या

तारीख लिहून ठेवा रे कुणीतरी.

सत्यवान_सातारकर

इतका वेळ वाचतोय. सोयीची उदाहरणं चाललीत. ३० जुलै २०१९, राज्यसभा, तिहेरी तलाक. ९९ विरुद्ध ८४. राष्ट्रवादीचा विधेयकाला विरोध. पवारसाहेब आणि प्रफुल्ल पटेल कुठे होते? त्यावर बोला ना.

मावळ_एक्सप्रेस

आणि तुम्ही नागरिकत्व विधेयकावर बोला. ९ डिसेंबर २०१९ ला लोकसभेत शिवसेना बाजूने, ११ ला राज्यसभेत सभात्याग. दोन दिवसांत तत्त्व बदललं की आघाडीतल्या कुणाचा फोन आला? १२५ विरुद्ध १०५ होतं.

सत्यवान_सातारकर

विषय फिरवू नका. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्या. तुमच्या साहेबांचं सोडून सगळ्यांचं

*(यापुढचे सहा प्रतिसाद संपादित. वैयक्तिक शेरे नकोत. धागा मतदानावर आहे, कुणाच्या खानदानावर नाही. – संपादक)*

लॉबीतला

धन्यवाद संपादक.

दोघांचीही उदाहरणं वैध आहेत, रागाने टाकली एवढंच. तिहेरी तलाकमध्ये फरक पंधराचा. जेडीयू आणि अण्णाद्रमुक दोघांनी विधेयकाला विरोध जाहीर केला होता, दोघांनी सभात्याग केला. त्यात इतर विरोधी पक्षांतले गैरहजर मिळवा. सरकारचं राज्यसभेत बहुमत नव्हतं, तरी विधेयक आरामात निघालं. पवार आणि पटेल त्या दिवशी सभागृहात नव्हते, हे नोंदीतलं आहे. दोन मतांनी निकाल बदलत नव्हता, हेही खरं. पण असे 'माझ्या दोन मतांनी काय होतंय' म्हणणारे चार-पाच पक्षांत एकाच दिवशी निघाले की पंधराचा खड्डा कसा पडतो ते बघा. प्रत्येकाचा वेगळा हिशेब बरोबर, बेरीज मात्र सरकारची.

मला कारणाशी फार घेणं नाही, कारण प्रत्येकाकडे असतं. मी एवढंच बघतो की मतदानानंतर तो माणूस स्वतःहून बोलला का. 'मी नव्हतो, या कारणाने नव्हतो, असतो तर विरोधात मत दिलं असतं', हे त्याच संध्याकाळी मतदारांना सांगणारे नेते मी हाताच्या बोटांवर मोजलेत. बाकीचे पुढच्या सभेत 'आम्ही कडाडून विरोध केला' म्हणून मोकळे.

बांधावरून

उशिरा आलो, पण एक नाव अजून आलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

९ मार्च २०१०, राज्यसभा, महिला आरक्षण विधेयक. बाजूने १८६, विरोधात १. तो एक म्हणजे शेतकरी संघटनेचे शरद जोशी.

त्या दिवशी विधेयकाचे विरोधक काय कमी होते? सपा-राजदवाल्यांनी आदल्या दिवशी कागद फाडले, निलंबन ओढवून घेतलं, मार्शलांनी उचलून बाहेर नेलं. बसपाने सभात्याग केला. तृणमूल मतदानापासून लांब राहिली. देशभर वातावरण असं की विरोधात बोलणारा म्हणजे बायकांचा शत्रू. जोशी शांतपणे बसले, आपला आक्षेप मांडला आणि एकटेच 'नाही' म्हणून आले. आक्षेप होता राखीव मतदारसंघ फिरते ठेवण्यावर. मतदारसंघ पुढच्या वेळी हातचा जाणारच असेल तर त्याची मशागत कोण करेल, असा.

आणि हा माणूस कोण? १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन घेणारा. लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतकऱ्यांना घरच्या बाईच्या नावावर जमीन करून द्यायला लावणारा. आमच्या तालुक्यातल्या किती सातबाऱ्यांवर बायकांची नावं त्या काळात लागली ते मी बघितलंय. तलाठ्यापुढे नवरा मान खाली घालून उभा आणि बाई अंगठा द्यायच्या आधी दोनदा पदर सावरतेय. त्या माणसाला त्या दिवशी दिल्लीत पोट बिघडल्याचं सांगून खोलीवर पडून राहणं किती सोपं होतं! कुणी विचारलंही नसतं.

मला त्यांचं ते मत पटलं नव्हतं, आजही पटत नाही. आमच्या घरात यावर दोन दिवस वाद झाला, आणि माझी बायको संघटनेची जुनी कार्यकर्ती, ती त्यांच्यावर माझ्याहून जास्त चिडली होती. पण ती चिडू शकली, कारण त्यांनी मत दिलं होतं.

निशा_स्लाव

शेवटच्या वाक्याला दंडवत.

२०२३ मध्येही असंच झालं ना? लोकसभेत ४५४ विरुद्ध २. त्या दोघांतले एक तेव्हाचे औरंगाबादचे इम्तियाज जलील, दुसरे ओवैसी. बाजू कुठलीही असो, नावानिशी आहे.

डॉ_खडूस

विचार करून आलो.

जोशी आणि सिद्दिक यांच्यापुढे माझा 'एका मताने काय होतं' हा मुद्दा टिकत नाही, कारण दोघांच्याही मताने निकाल बदलला नाही आणि दोघांचंही मत आज आपण मोजतोय. पण एक गोष्ट तुम्ही सगळे टाळताय. किंमत. हँड्स फेब्रुवारी २०२० मध्ये पुन्हा मंत्री झाले, म्हणजे वीस महिन्यांचा उपास. रिचमंडचे हुजूर खासदार झॅक गोल्डस्मिथ यांनी २०१६ मध्ये याच धावपट्टीवरून थेट खासदारकी सोडली आणि पोटनिवडणूक लढवली. रिचमंडकरांनी धावपट्टी बाजूला ठेवून ब्रेक्झिटवर मत दिलं आणि त्यांना पाडलं. पुढच्या वर्षी परत आले, तेही ४५ मतांनी. आणि काबूलवाल्याचं काय झालं? हाउन्स्लोकर, तुम्ही सोयीस्करपणे सांगितलं नाहीत. अक्सब्रिजमध्ये २०१७ ला त्यांचं मताधिक्य ५,०३४ होतं. दांडीनंतर २०१९ ला ७,२१०. वाढलं! शब्द पाळायला खासदारकी सोडणाऱ्याला मतदाराने घरी बसवलं आणि पळून गेलेल्याला पंतप्रधानपदासकट परत पाठवलं. मग नेत्याने यातून काय शिकायचं?

हाउन्स्लोकर

आकडे बरोबर आहेत. सांगितले नाहीत कारण ते लिहिताना मलाच कसंतरी होतं. २०१९ ची निवडणूक ब्रेक्झिटवर झाली, धावपट्टीचं नावही आमच्याकडे कुणी घेत नव्हतं. घरी आलेल्या प्रचारपत्रकांत काबूलचा उल्लेख असेल असं मला वाटलं होतं, पण मिळालेल्या सगळ्या पत्रकांत कचरा, दवाखाना आणि ब्रेक्झिट. बोरिस यांनी जागा सोडल्यावर २०२३ मध्ये पोटनिवडणूक झाली, ती तर जुन्या गाड्यांवरच्या प्रदूषण शुल्कावर. ४९५ मतांनी निकाल लागला आणि त्यातही विमानं नाहीत.

वऱ्हाडी_ठेचा

म्हंजे पब्लिकच दांडी मारते मतदानाच्या दिवशी, साहेबाच्या दांडीले काय बोलावं.

लॉबीतला

भाऊंनी मारला! पण मतदाराला माहिती तरी कुठे मिळते? ब्रिटनमध्ये मतदान झालं की त्याच रात्री कोण कुणीकडून गेलं ती नावांची यादी लोकांपुढे असते, शाळकरी पोरगंही आपल्या खासदाराचं नाव शोधू शकतं. आपल्या लोकसभेत-राज्यसभेत मतविभागणी झाली असेल तर नावं कामकाजाच्या अहवालात मिळतात, जरा खणावं लागतं. विधानसभेचं मात्र कठीण. मतविभागणीच क्वचित होते, आणि झाली तरी गावातल्या वर्तमानपत्रात 'गोंधळात विधेयक मंजूर' एवढीच ओळ येते.

बांधावरून

मग पुढच्या अधिवेशनात आमच्या आमदाराला एवढंच लिहून विचारतो, की अमुक विधेयकावर मतविभागणी मागितली का, आणि नसेल तर का नाही. आवाजीत तुमचा आवाज कुठला होता ते विचारण्यात अर्थ नाही, तो बिनधास्त सांगेल.

गणिती_गोंधळ

बांधावरून, उत्तर आलं तर इथेच टाका. नाही आलं तर तेही टाका, मी तक्ता करायला घेतो. रकाने: होय, नाही, तटस्थ, सभात्याग, दवाखाना, दार बंद, काबूल.